कांद्याचा भाव आणि दिल्लीचा कारभार

१९८० च्या जानेवारीत लोकसभेची निवडणूक झाली तेव्हा कांद्याचा कडाडलेला भाव हा प्रचारसभांतील एक ठळक विषय झाला होता, आणि इंदिरा गांधींच्या पक्षाने ३५३ जागा जिंकून सत्ता पुन्हा हस्तगत केली. परंतु त्या महागाईच्या मुळाशी १९७९ चे भीषण अवर्षण आणि इराणमधील क्रांतीनंतर भडकलेले खनिज तेलाचे दर होते. आणि या दोहोंपैकी एकही गोष्ट काळजीवाहू पंतप्रधान चरणसिंग यांच्या हुकमतीतील नव्हती.

लासलगावच्या परिसरातील एखाद्या कांदाचाळीत पावसाळ्याच्या अखेरीस उभे राहावे: हवा दमट झाली की वरून कोरडा, तांबूस दिसणारा कांदा बोटाखाली दबतो, आत पाणी सुटलेले असते, आणि कुजका वास नाकात भरतो. ही नासाडी कोणत्याही फर्मानाने थांबत नाही. मात्र निर्यातबंदीचा हुकूम दिल्लीहून सुटला की लिलावातील बोली घसरते आणि हंगामाचा सारा खर्च अंगावर घेतलेला शेतकरी नागवला जातो. हा अधिकार सर्वस्वी राज्यकर्त्यांचा आहे, आणि त्याचा जाब मागणे मी मतदाराचा न्याय्य हक्क समजतो.

मात्र कारभार सावरल्याचे श्रेय मतदार देतोच असे नाही. १९९१ साली पंतप्रधान नरसिंह राव यांनी अर्थखाते डॉ. मनमोहनसिंग यांच्या हाती सोपवले, परवान्यांचे जोखड सैल केले आणि परकीय चलनाची रिती होत चाललेली गंगाजळी सावरली. तरीही १९९६ साली मतदारांनी त्यांच्या पक्षास सत्तेवरून दूर केले.