युजिनियाबाई चार्ल्स
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



स्त्री पंतप्रधान म्हटले की इंदिराबाई आठवतात, नाहीतर १९६० साली जगात पहिला मान मिळविणाऱ्या सिरिमावो बंदरनायके. एकीला वडिलांचा वारसा, दुसरीला पतीचा. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, तिच्यापाशी यांतले काहीच नव्हते. लग्नही तिने केले नाही.

डॉमिनिका हे वेस्ट इंडीजमधले एक चिमुकले बेट. (डॉमिनिकन रिपब्लिक तो निराळा देश बरे का!) क्षेत्रफळ ७५० चौरस किलोमीटर, वस्ती सत्तर हजारांच्या आसपास, डोंगर, पाऊस आणि केळीच्या बागा. तेथे १९१९ साली युजिनियाबाईंचा जन्म झाला. वडील मूळचे गवंडी, पुढे जमीनजुमला केलेले. गरिबांना चार पैसे शिल्लक टाकता यावेत म्हणून त्यांनी पेनी बँक काढली होती. मुलगी टोरांटो व लंडन येथे कायदा शिकली, १९४९ मध्ये परतली आणि बेटावरची पहिली स्त्री वकील झाली.

पन्नाशी जवळ येईपर्यंत बाई वकिलीतच रमल्या होत्या. वर्तमानपत्रांतून सरकारवर टीका मात्र करीत. १९६८ मध्ये सरकारने राजद्रोही लिखाणाविरुद्ध कायदा आणला. म्हणजे लिहिणाऱ्यांची तोंडे बंद! त्या विरोधातूनच फ्रीडम पार्टी उभी राहिली आणि बाई तिच्या पुढारी झाल्या. तोंड बंद करावयास निघालेल्यांनीच त्यांना राजकारणात ओढले, असे मला वाटते.

३ नोव्हेंबर १९७८ रोजी देश स्वतंत्र झाला. वर्षाच्या आत लष्कराने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, सरकार कोसळले, आणि ऑगस्ट १९७९ मध्ये डेव्हिड वादळाने बहुतेक लोकांच्या डोक्यावरचे छप्परच नेले. जुलै १९८० मध्ये २१ पैकी १७ जागा जिंकून बाई पंतप्रधान झाल्या, त्या या पडझडीत. घरे नाहीत, केळी झोपलेली, तिजोरी रिकामी.

त्यात १९८१ साली सरकार उलथण्याचे दोन कट झाले. एकात अमेरिकेतले भाडोत्री लोक होते. ते न्यू ऑर्लिन्सलाच पकडले गेले. बाईंनी लष्करच मोडून टाकले! दुसऱ्या कटात एक पोलीस मारला गेला. त्यासाठी लष्कराचे माजी प्रमुख न्यूटन यांना १९८६ मध्ये फाशी झाली. लेखणीसाठी भांडणाऱ्या बाईंच्या राज्यात फास आवळला गेला, हे वाचताना माझे मन अडखळले. पण ज्या घरातला पोलीस गेला, त्या घरातल्या बाईला काय वाटले असेल?

ऑक्टोबर १९८३ मध्ये शेजारच्या ग्रेनाडात पंतप्रधान बिशप यांची हत्या झाली. पूर्व कॅरिबियन राष्ट्रसंघाच्या अध्यक्षा या नात्याने बाईंनी अमेरिकेची मदत मागितली आणि सैन्य उतरले त्या दिवशी रेगन यांच्या शेजारी उभ्या राहून त्याचे समर्थन केले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०८ राष्ट्रांनी या कृत्याचा निषेध केला. मलाही ते पटत नाही. लहान राष्ट्राने बलाढ्याला शेजाऱ्याच्या घरात बोलवावे, ही वाट धोक्याची.

तरी लोकांनी त्यांना १९८५ आणि १९९० मध्ये पुन्हा निवडले. शेवटी जागा अकराच, म्हणजे काठावरचे बहुमत. १९९५ मध्ये त्या उभ्याच राहिल्या नाहीत, पक्षही हरला. शहात्तर वर्षांच्या बाई मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकावयास गेल्या. सप्टेंबर २००५ मध्ये शेजारच्या मार्टिनिक बेटावर त्यांचे देहावसान झाले.