आधी पाणी पिकवा, मग मासा
(सुलतानपूर, ता. लोणार येथील शेतकऱ्यांच्या बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत मासळीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. कारण सरळ आहे. 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तळी खोदली गेली. 2020 मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली, ताडपत्रीच्या हौदांना अनुदान मिळू लागले. जिरे आणायचे, हौदात वाढवायचे, बोटुकली झाली की तळ्यात सोडायची. विचार बरोबर आहे. उघड्या तळ्यात जिरे सोडले तर पाणकिडे फस्त करतात. पण हौदातही पंधरा दिवसांत जिरे मरते. आपण म्हणतो, बियाणे खोटे निघाले. विकणारा म्हणतो, तुम्हाला सांभाळता आले नाही. पैसा मात्र आपलाच बुडतो.

आमचे म्हणणे एवढेच, की आधी पाण्याची चौकशी करा.

मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा मोठा भाग अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. एक किलो खाद्यामागे साधारण 30 ग्रॅम धरा. हे विष पचवणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र बरेचसे निरुपद्रवी. हे शास्त्र आपल्याला परके नाही. कपाशीला युरिया दिला की काळ्या रानात हेच घडते, तेव्हा कुठे पीक तो नत्र उचलते. रानात हे जिवाणू पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला आहेत. कोऱ्या ताडपत्रीवर कोणीच नाही. शिवाय हे जिवाणू संथ. कुजवणारे जिवाणू तासाभरात दुप्पट होतात, यांना जवळपास दिवस लागतो. वस्ती बसायला चार ते सहा आठवडे हवेत. आपण आज हौद भरतो आणि उद्या जिरे सोडतो. मग दुसरे काय होणार?

मोकळ्या रानात आधी कोण उगवते? गाजरगवत! हौद धुऊन कोरा केला आणि लगेच खाद्य टाकले की तसेच होते. झपाट्याने वाढणारे जिवाणू आधी जागा धरतात, त्यांत रोग लावणारेही असतात. नॉर्वेत ट्राँडहाइमच्या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात समुद्री माशांच्या पिल्लांवर प्रयोग केले. नुसत्या गाळलेल्या पाण्यापेक्षा मुरवलेल्या पाण्यात पिल्ले जास्त जगली.

इतक्या लांब कशाला जायचे? लोणारचे सरोवर जवळच आहे. जून 2020 मध्ये ते गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. ते कोणी पोत्याने आणून ओतले नव्हते. पाणी आटले, खार वाढला, वस्ती बदलली. पाणी जसे ठेवाल तसे जिवाणू राहतील.

म्हणून पुडी-बाटली विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. यात कोणता जिवाणू आहे, आणि तो जिवंत आहे का? पुडीत बहुधा बॅसिलस असतो. तो गाळ कुजवतो, पण अमोनियाचे नायट्रेट करणे हे त्याचे काम नव्हे. ते काम करणारे जिवाणू सुकले की मरतात. रायझोबियमचे पाकीट उन्हात ठेवले तर काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट विजेची. हे जिवाणूही श्वास घेतात. 30 ग्रॅम अमोनिया पचवायला सुमारे 135 ग्रॅम प्राणवायू लागतो. बायोफ्लॉकच्या हौदात गूळ टाकून जिवाणू वाढवतात, तिथे हवा अखंड हवी. पंप बंद पडला तर काही तासांत हौद साफ. शेतीपंपाला चोवीस तास वीज नाही, आणि हौद विकणारा हे बोलत नाही. ज्याच्याकडे हवेची दुसरी सोय नाही, त्याने दाट मासळीच्या नादी लागू नये.

मग करायचे काय? पावसाळ्यात जिरे येणार असेल तर मे अखेरीस हौद भरा. जुनी जाळी, खडी, प्लास्टिकचे तुकडे आत टाका, जिवाणूंना बसायला जागा लागते. निरोगी मासळीच्या तळ्यातली जाळी आणता आली तर उत्तम. चिमूटभर खाद्य टाकत राहा, हवा चालू ठेवा. तपासणी संचाने अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्ही आधी चढतील, मग उतरतील. दोन्ही शून्यावर आले की मगच जिरे सोडा, तेही थोडे. सामू 7 असताना अमोनियाचा शंभरावा भागही विषारी रूपात नसतो. सामू 9 झाला आणि पाणी 30 अंश असले, की जवळपास निम्मा विषारी. तेव्हा चुना एकदम ओतू नका. रोग आला नसेल तर हंगाम संपल्यावर जाळी ब्लीचिंगने धुऊ नका, ओली ठेवा. तेच पुढचे विरजण.

हे एकट्याने करायचे काम नाही. पाच-दहा जणांनी मिळून एक हौद मुरवावा, तपासणी संच एकच घ्यावा, नोंदवही ठेवावी. नोंदवही हातात असेल तर मर झाल्यावर विकणाऱ्याला तोंडावर विचारता येईल, की आमचे पाणी चांगले होते, तुमचे बियाणे कसे होते? कपाशीच्या बियाण्याच्या वेळी असा पुरावा हाती नसल्यामुळे आपण किती वेळा गप्प बसलो! मासळीच्या बाबतीत तरी पहिल्या दिवसापासून हिशेब आपल्या हातात ठेवू या.