कलाभवन : कारखान्याची शाळा ते विद्यापीठाची विद्याशाखा

बडोद्याचं कलाभवन म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना दादासाहेब फाळके आठवतात. जे. जे. स्कूलमधून ते तिथे गेले आणि चित्रकलेपासून छायाचित्रणापर्यंत हाती लागेल ते शिकले. पण १८९० साली सयाजीराव गायकवाडांनी ही संस्था काढली ती मुख्यतः रंगारी, विणकर, सुतार आणि यंत्रकामाची माणसं तयार करण्यासाठी.

त्यातलं रंगकाम जरा नीट पाहू. १८६८-६९च्या सुमाराला जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी अलिझरिन हा लाल रंग प्रयोगशाळेत बनवला. तोवर तो झाडाच्या मुळांतून काढावा लागे. १८९७ मध्ये तर कारखान्यातली नीळही बाजारात आली. पिढ्यान्‌पिढ्या मुळ्या-साली उकळणाऱ्या आपल्या रंगाऱ्यापुढे आता परदेशी रसायनं येऊन पडली. पाणी किती तापवायचं, तुरटी किती घालायची, हे जुन्या अंदाजाने जमेना. रसायनशास्त्र कळल्याशिवाय धंदा टिकणार नव्हता.

हे ओळखलं त्रिभुवनदास गज्जर यांनी. सुरतेच्या सुतार घराण्यातला हा रसायनाचा प्राध्यापक कलाभवनाचा पहिला प्राचार्य झाला. रंगकाम शिकवायला त्यांनी जर्मन तज्ज्ञ आणला; शिकवण्याची भाषा मात्र गुजराती ठेवली. त्या भाषेत पुस्तकं नव्हती, तर ती लिहवून घेण्याचं काम अंगावर घेतलं. मला विचाराल तर कलाभवनाचं खरं धाडस हेच. यंत्रं काय, पैसे असले की कोणीही आणतो!

१८९६ मध्ये गज्जर बडोदं सोडून मुंबईला आले. त्याच वर्षी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं. ते आपण फासलं, असं क्रांतिकारक दामोदर चापेकरांनी पुढे आत्मवृत्तात लिहिलं. आणि इतरांना न निघालेले ते डाग काढले गज्जरांनी! राष्ट्रभक्तीच्या हिशेबात हे कुठे मांडायचं ते तुम्हीच ठरवा. त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि अमीन यांच्या साथीने १९०७ मध्ये अलेंबिक कारखाना उभा राहिला, म्हणजे शिकवणी फुकट गेली नाही.

१९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा बनलं. पदवी आली, प्रतिष्ठा आली, इंग्रजी आली. त्यातून उत्तम इंजिनिअर निघाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इंग्रजी न येणाऱ्या कारागिराला रसायन शिकवणारी जागा त्या फाटकाआड राहिली नाही. कारागीर-प्रशिक्षणाची केंद्र सरकारची योजना १९५० मध्ये सुरू झाली, तिच्यातून पुढे गावोगाव आयटीआय निघाल्या. तिथे त्याला हत्यारं मिळाली, वर्कशॉप मिळालं. गज्जरांसारखा रसायनाचा प्राध्यापक मात्र विद्यापीठातच राहिला.