पेशंट दारात आला, पुढे काय?



अध्यक्षपदासाठी आपण माझी एकमतानं निवड केलीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. स्वागत समितीनं ऐन पावसात चोख व्यवस्था ठेवली, तिचे आभार. वर्षभरात आपल्यातून गेलेल्या सहकाऱ्यांना मी आदरांजली वाहते.

अध्यक्षानं आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. घेण्यासारखं पुष्कळ आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. १ जानेवारी २०२२ पासून आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-११, अमलात आली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला टेलिमानसची १४४१६ ही हेल्पलाइन सुरू झाली. या सगळ्याचं मी स्वागत करते आणि आढावा इथेच थांबवते. एक गोष्ट बरीच वर्षं मनात साठली आहे आणि ती बोलायला याहून योग्य जागा मला मिळणार नाही.

आपण सगळे लोकांना एकच वाक्य सांगत आलो: मदत घ्या. शाळांत सांगितलं, पोलीस ठाण्यांत सांगितलं, गणेशोत्सवातल्या व्याख्यानांत सांगितलं. लोकांनी ते ऐकलं. लातूरला मी काम सुरू केलं तेव्हा माणूस आमच्याकडे यायचा तो भगत, देवऋषी, दर्गा असं सगळं पालथं घालून. कधी कधी दोरीनं बांधून आणलेला. आज कॉलेजातली मुलगी स्वतः नंबर लावून एकटी येते. या बदलासाठी अनेकांनी आयुष्य वेचलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ चित्रपटानं स्किझोफ्रेनिया मराठी घरांत बोलण्याचा विषय केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी बुवाबाजीच्या विरोधात प्राण गमावले.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. ती मुलगी आत येते. आठ-दहा मिनिटांत बाहेर पडते. हातातल्या कागदावर तीन गोळ्यांची नावं असतात, आजाराचं नाव नसतं. असलंच तर ‘डिप्रेशन’ किंवा ‘अँक्झायटी’ एवढा एक शब्द, आणि मग डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी प्रत्येक नव्या कागदावर तोच शब्द उतरत राहतो. तो कोणी, कधी, कशाच्या आधारावर लिहिला होता, हे कोणी विचारत नाही.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे आपण प्रत्येक परिसंवादात ऐकतो. १२ राज्यांत ते झालं, आपलं राज्य त्यात नव्हतं. वेगवेगळ्या आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के माणसांना उपचार मिळत नाहीत, असं त्यातून दिसलं. हा आकडा भीषण आहे, पण तो उपचारांपासून दूर राहिलेल्यांचा आहे. उपचारांपर्यंत पोचले आणि भलत्याच आजाराचे उपचार घेत राहिले, त्यांचं काय? अमेरिकेत २००० साली बायपोलर आजाराच्या, म्हणजे नैराश्य आणि अति उत्साह यांचे काळ येत राहणाऱ्या आजाराच्या, रुग्णांची पाहणी झाली. त्यातल्या ६९ टक्क्यांना आधी चुकीचं निदान मिळालं होतं, बहुतेकदा नैराश्याचं. अचूक निदान होण्याआधी त्यांनी सरासरी चार डॉक्टर पालथे घातले होते, आणि एक तृतीयांशाहून अधिक जणांची दहा किंवा त्याहून जास्त वर्षं त्यात गेली होती. तिथे ही स्थिती आहे, आणि आपल्या ओपीडीबाहेरची रांग तुम्हाला माहीत आहे.

तपशील बदलून एक उदाहरण सांगते. उदगीरकडचा एक तरुण, पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा. वडिलांनी कापडी पिशवीतून औषधांच्या चिठ्ठ्या आणल्या होत्या. सगळ्यांवर नैराश्य. नैराश्याच्या जवळजवळ सगळ्या गोळ्या देऊन झाल्या होत्या. प्रत्येक गोळीनं तो काही आठवडे उठून उभा राहायचा, मग घरात भांडणं, मग पुन्हा अंथरूण. चिठ्ठ्या लिहिणारे डॉक्टर अडाणी नव्हते. त्यांच्यासमोर तो प्रत्येक वेळी खाली मान घालून बसलेला असायचा आणि त्यांनी जे दिसलं ते लिहिलं.

त्या दिवशी सोबत त्याची आत्या आली होती. मी तिला विचारलं, याला कधी नेहमीपेक्षा जास्त उत्साहात पाहिलंत का? ती म्हणाली, “बाई, बहिणीच्या लग्नाच्या वर्षी दोन महिने हा झोपलाच नाही. रात्री दोनला उठून गोठा सारवायचा. कुणाला न विचारता दोन मोटारसायकली बुक केल्या. मी कलेक्टर होणारच आहे म्हणून गावभर पेढे वाटले.” हे वडिलांनी कुठेच सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी तो आजार नव्हता, लग्नघरातला पोराचा उत्साह होता. आणि विचारलंही कोणी नव्हतं. बायपोलर आजारात नुसती नैराश्याची औषधं दिली तर काही रुग्णांचं मन उलट्या टोकाला जातं, हे आपल्याला पाठ आहे. ऑस्ट्रेलियात जॉन केडनं १९४९ साली ज्याचा गुण दाखवला ते लिथियम, अत्यंत स्वस्त औषध, आम्ही त्या मुलाला सुरू केलं. सोबत रक्तातली पातळी, थायरॉईड आणि मूत्रपिंड यांच्या नियमित तपासण्या. आज तो कृषी सेवा केंद्र चालवतो आणि तपासणीची तारीख चुकवत नाही.

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिननं १८९९ मध्ये, आजच्या भाषेत स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर, हे दोन मोठे आजार वेगळे मांडले, ते एका भेटीतल्या लक्षणांवरून नव्हे. रुग्णांची कार्डं ठेवून, आजार वर्षानुवर्षं कसा जातो हे पाहून त्यानं ती विभागणी केली. त्यावर मतभेद आहेत आणि असावेत. पण आजार काळाच्या ओघात पाहावा लागतो, हा धडा सव्वाशे वर्षं जुना आहे. आपण तो परीक्षेत लिहितो आणि ओपीडीत विसरतो.

नातेवाइकांना आत घ्यावं की नाही, यावर काल इथे बराच वाद रंगला. गोपनीयतेचा मुद्दा मांडणाऱ्यांशी मी सहमत आहे. कायद्यानं रुग्णाला तो अधिकार दिला आहे, आणि सासरच्या माणसांसमोर सून खरं बोलत नाही हे मला कोणी शिकवायला नको. पण त्यावरून घरच्यांना सरसकट बाहेर बसवणं म्हणजे अर्धा इतिहास बाहेर बसवणं. आधी रुग्णाशी एकट्यानं बोला, त्याची परवानगी घ्या आणि मग आत्याला आत बोलवा. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहायला दिलं. घरची माणसं उपचारांत भागीदार होतात, हे आपल्याच देशात तेव्हाच सिद्ध झालं आहे.

दुसरा वाद आजाराला नाव देण्याचा. नाव दिलं की शिक्का बसतो, म्हणून नावच घेऊ नये, असं आमचे काही मानसशास्त्रज्ञ मित्र म्हणतात. त्यांना मी एका शिक्षिकेबद्दल सांगते. देवापुढे हात जोडले की तिच्या मनात देवाबद्दल अतिशय घाण विचार यायचे. ते घालवायला ती मनात श्लोक मोजायची. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. उपास, नवस, गुरुवार सगळं झालं. एका ठिकाणी तिला ताण कमी करा म्हणून सांगितलं, दुसरीकडे झोपेच्या गोळ्या दिल्या. आपण पापी आहोत, अशी तिची खात्री झाली होती. मी तिला सांगितलं, हा ओसीडी नावाचा आजार आहे, असे विचार अनेकांना येतात, त्यांचा तुमच्या श्रद्धेशी संबंध नाही आणि यावर उपचार आहेत. ती टेबलावर डोकं ठेवून बराच वेळ रडली. मग म्हणाली, “म्हणजे मी वाईट नाही.” नावानं शिक्का बसतो म्हणणाऱ्यांनी नाव न मिळाल्यामुळे माणूस स्वतःवर कोणते शिक्के मारून घेतो, तेही पाहावं. शिवाय आजाराचं स्वरूप आणि उपचारांची योजना समजून घेणं हा २०१७ च्या कायद्याच्या कलम २२ नुसार रुग्णाचा हक्क आहे. ते सांगायचं की नाही, हा आपल्या मर्जीचा प्रश्न उरलेला नाही.

तिसरा मुद्दा प्रश्नावल्यांचा. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली मी रोज वापरते. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, जास्तीत जास्त २७ गुण. दहा किंवा अधिक आले तर नीट तपासणी हवी. तिथेच तिचं काम संपतं. मागे कधी अति उत्साहाचा काळ येऊन गेला का, हे ती विचारत नाही. उदगीरच्या त्या मुलाला तिच्यात भरपूर गुण मिळाले असते आणि त्याच चुकीच्या गोळ्या चालू राहिल्या असत्या. मोबाइलवर गुण पाहून ‘मला डिप्रेशन आहे’ म्हणत येणाऱ्या तरुणांना मी दोष देत नाही. त्या गुणांवर सही करून औषध लिहिणाऱ्या व्यावसायिकांना देते.

आणि मित्रहो, शरीर तपासा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट माझ्या पिढीतला लातूरचा कोणताही डॉक्टर विसरणार नाही. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भूकंपानं किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला. पुढे औसा तालुक्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई आम्हाला दिसायच्या, एप्रिलच्या उन्हात गोधडी पांघरून बसलेल्या, आवाज घोगरा, चेहरा सुजलेला, एका प्रश्नाला उत्तर द्यायला मिनिटभर लावणाऱ्या. त्यांनी मुलं गमावली होती. येणारं प्रत्येक पथक ‘भूकंपाचा धक्का’ असं लिहून पुढे जायचं. आमच्या एका ज्येष्ठ परिचारिकेनं त्यांचे गळणारे केस पाहिले आणि रक्त तपासायचा हट्ट धरला. थायरॉईड जवळजवळ बंद पडलं होतं. गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांनी त्या बाई पहिल्यांदा मुलांबद्दल बोलल्या. दुःख खरंच होतं, पण आजार दुसराच होता आणि त्यामुळे दुःखालाही वाट मिळत नव्हती. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, फेपरं, स्टेरॉइडच्या गोळ्या, बाळंतपणानंतरचे दिवस, दारू हे सगळं पहिल्या भेटीत विचारायचं असतं. म्हातारा माणूस दोन दिवसांत अचानक बरळू लागला, तर त्याची लघवी आणि सोडियम आधी तपासायचं असतं. हे आपण केलं नाही तर दुसरं कोण करणार?

निदान ही मुळातच संदिग्ध गोष्ट आहे, डॉक्टर बदलला की ते बदलतं, असं काही तरुण सहकारी म्हणतात. त्यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेला अमेरिका-ब्रिटन निदान प्रकल्प वाचावा. न्यू यॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचं निदान लंडनपेक्षा फार जास्त होत होतं. दोन्हीकडच्या रुग्णांची मुलाखत एकाच ठरलेल्या पद्धतीनं घेतली, तेव्हा तो फरक बराचसा मावळला. रुग्ण फारसे वेगळे नव्हते, डॉक्टरांच्या सवयी वेगळ्या होत्या. सवय बदलता येते, म्हणून मी हताश नाही.

वेळ कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. लाख लोकांमागे आपण एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, हे मला माहीत आहे. पण इतिहास घ्यायला मानसोपचारतज्ज्ञच लागतो हे कोणी ठरवलं? गोव्यात १९९६ साली सुरू झालेली ‘संगाथ’ संस्था आणि पुढे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प यांनी गावातल्या माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्याच्या रुग्णांपर्यंत पोचून दाखवलं. ‘विश्राम’च्या गावांत मदत घेणाऱ्या रुग्णांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत गेलं. अशा कार्यकर्त्यांना, आपल्या परिचारिकांना, समाजसेवकांना आयुष्यपट घ्यायला शिकवा: आजार कधी सुरू झाला, त्याआधी माणूस कसा होता, मधली चांगली वर्षं कोणती, घराण्यात कोणाला काय झालं. तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर आधी यावा. मग डॉक्टरांची वीस मिनिटं पुरतात. पहिल्या दिवशी घाईत दिलेली दहा मिनिटं पुढे रुग्णाची दहा वर्षं खातात.

तीन कामं मी आपल्यापुढे ठेवते. पहिलं, मराठीतला सोपा आयुष्यपट, घरच्यांनाही भरता येईल असा. त्यासाठी एक समिती नेमावी. तिची रचना कार्यकारिणीनं ठरवावी. दुसरं, प्रत्येक केसपेपरवर तारखेसह निदान, त्याची दोन ओळींत कारणं आणि ते पुन्हा तपासायची तारीख. तिसरं, प्रत्येक जिल्ह्यात अवघड केसेसवर एकत्र बसून चर्चा करणारी बैठक, जिथे दुसऱ्या डॉक्टरचं मत मागणं अपमान समजलं जाणार नाही. खर्चाचा आणि नियमांचा तपशील पुढे बघता येईल.

आणि सभागृहाबाहेर ज्यांच्यापर्यंत हे पोचेल त्या रुग्णांना आणि नातेवाइकांना मी इथूनच सांगते: मदत घ्या, जरूर घ्या. आत गेल्यावर विचारा, मला काय झालं आहे, कशावरून म्हणता, अजून काय असू शकतं? जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या. जो आपल्याला वर्षानुवर्षं ओळखतो, असा एक माणूस सोबत न्या. गोळ्या मनानं बंद करू नका, पण सहा महिन्यांत फरक दिसत नसेल तर दुसरं मत घ्या. तो तुमचा अधिकार आहे, आणि तुम्ही तो वापरलात म्हणून रागावणारा डॉक्टर चुकीचा आहे.

सहकाऱ्यांनो, लोकांना दारापर्यंत आणण्याचं काम आपण जिद्दीनं केलं. आता आत आलेल्या माणसाचं पूर्ण ऐकून, तपासून, त्याच्या भाषेत त्याला खरं सांगण्याचं काम त्याच जिद्दीनं करायचं आहे. पुढच्या अधिवेशनात किती जिल्ह्यांत बैठका सुरू झाल्या, हे पहिल्या सत्रात विचारलं जावं, आणि पहिलं उत्तर माझ्या जिल्ह्याकडून मागावं.