सहयोगिनीलाही घर असतं

(केंद्राच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी मांडलेले विचार)



बचत किती झाली, कर्ज किती वाटलं, परतफेड किती आली, हे सगळं आत्ताच अहवालात ऐकलंत. मला बोलायचंय ते हे काम गावोगाव फिरून करणाऱ्या आपल्या सहयोगिनींबद्दल.

मालक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दुसरंच कुणीतरी येतं. पण या केंद्राच्या मालक आपणच आहोत. सहयोगिनींच्या मानधनात आपल्या गटांचं सेवाशुल्क आहे. मग मालकीण म्हणून आपण कशा वागतो, हे बघायला नको?

शेतातून येऊन, स्वयंपाक उरकून आपण रात्री आठला बैठकीला बसतो. आपली सोय होते. सहयोगिनी मात्र बैठक संपवून अंधारात गाडीवरून आपल्या गावी जाते. पोरं झोपलेली असतात. ताटावर बसते तोच फोन वाजतो, "ताई, माझ्या कर्जाचं काय झालं?"

केंद्र सरकारच्या 2019 सालच्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात, पुरुषाची 97. म्हणजे बाईचे जवळपास पाच तास. सहयोगिनीला ते कुणी माफ केलेले नाहीत.

थकून तिनं काम सोडलं तर दुसरी मिळेलही. पण कुणाच्या घरी काय अडचण आहे, कुणाला आधी कर्ज हवं, हे तिला ठाऊक असतं. ते रजिस्टरात लिहिलेलं नसतं.

म्हणून प्रत्येक गटानं तीन गोष्टी ठरवाव्यात.

एक, सहयोगिनी येणार असेल ती बैठक दिवसाउजेडी घ्यायची. सुगीच्या दिवसांत वेळ तिला विचारूनच ठरवायची.

दोन, ती येण्याआधी बचतीचे पैसे मोजून, हिशेब लिहून तयार ठेवायचा. तिचा तासभर वाचतो.

तीन, कामाचा फोन संध्याकाळी सहाच्या आत. सुट्टीच्या दिवशी नाही. अडीअडचणीला, दवाखान्याला मात्र वेळ बघायची नाही.

केंद्राचंही एक काम आहे. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. आपली सहयोगिनी बाळंतपणाला गेली की आपण विचारतो, "परत कधी येणार?" त्याआधी विचारूया, तिचं मानधन चालू आहे का? तिची गावं कोण बघतंय? यासाठीची रक्कम अंदाजपत्रकात आधीच धरली, तर ऐनवेळी ओढाताण होणार नाही. जी तिची गावं सांभाळेल, तिलाही जादा कामाचं मानधन द्यायला हवं.

दशसूत्रीत आरोग्याचंही सूत्र आहे. ते सहयोगिनीलाही लागू आहे.

सासरी आपल्याला विश्रांती मागून मिळाली नाही, ही आपल्यातल्या कितीतरी जणींची गोष्ट. आता दुसऱ्या बाईचा वेळ आपल्या हातात आलाय. तो जपायचा, असा ठराव मी मांडते. मंजूर असेल त्यांनी हात वर करा.