बांधावरची बाभूळ आणि हातातले हत्यार



आपल्या वडीगोद्रीकडे घरचे रान म्हणजे बांधावरच्या बाभळी नि लिंब. तोडायला निघालेला माणूस प्रथम यंत्राची किंमत विचारतो. माझे म्हणणे, आधी झाडाचे नाव विचारा. आंबा, चिंच, जांभूळ, सागवान ही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीतली. स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून ती तोडता येत नाहीत.

वर्षाला दोन-चार बाभळी ज्याला काढायच्या, त्याने पेट्रोलचे कटर विकत कशाला घ्यावे? दोघांनी ओढायची करवत, कुऱ्हाड, पाचरी नि लांब दोर त्याला पुरे. घ्यायचेच, तर साखळीला ब्रेक आहे ना, ते पाहा. पात्याचे टोक लाकडाला अडले, की यंत्र उसळून थेट तोंडावर येते! शिरस्त्राण नि चष्मा उरल्या पैशांतून घ्यायचे नसतात.

आता घाव. झाड पाडायचे त्या अंगाला बुंध्याच्या चौथाईपर्यंत खाच घ्या. मग मागून, खाचेच्या जरा वरून, कापत या. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी पट्टी राखा. ती झाडाची बिजागरी. ती तुटली, की झाड कोणाचे ऐकत नाही. दोर धरणाऱ्याने झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभे राहावे.