कान सोनारानेंच टोचावे काय?



कान सोनारानेंच टोचावे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. कटु उपदेश अधिकारी माणसानेंच करावा, हा तिचा लाक्षणिक अर्थ. मी आज बोलणार आहें तें मात्र तिच्या शब्दशः अर्थाविषयीं.

एका श्रावणांत आमच्या वर्ध्याच्या दवाखान्यांत एक आजीबाई नऊ दिवसांची नात पदराखालीं घेऊन आल्या. बरोबर सून होती. दोघींचीं तोंडें दोन दिशांना! आजीबाईंचें म्हणणें असें कीं, बारशाच्या दिवशींच घरच्या सोनाराला बोलावून कान टोचावे. त्यांचे स्वतःचे व त्यांच्या सर्व मुलांचे कान त्याच घराण्यानें टोचले, आणि एकाचाही कान पिकला नाहीं. सुनेनें यंत्रानें कान टोचणारें एक दुकान हेरून ठेवलें होतें. "क्षणांत होतें, मूल रडतसुद्धां नाहीं," असें तिला मैत्रिणीनें सांगितलेलें. "डॉक्टरीणबाई, आतां तुम्हीच काय तें सांगा," म्हणून दोघी गप्प बसल्या. मीं दोघींनाही 'थांबा' म्हटलें, आणि दोघीही माझ्यावर रुष्ट झाल्या.

थांबावयाचें कशासाठीं? पहिल्या दोनतीन महिन्यांत बाळाला आलेला ताप मोठ्या मुलाच्या तापासारखा नसतो. तो रक्तांत पसरलेल्या जंतूंचा असूं शकतो, आणि अशा बाळाला इस्पितळांत नेऊन तपासण्यावांचून गत्यंतर नसतें. बारशाच्या हौसेपायीं तशी वेळ कां आणावी? धनुर्वाताची लस आईनें गरोदरपणीं घेतली असेल तर तिचें संरक्षण बाळाला कांहीं काळ मिळतें, हें खरें. नवजात बालकांच्या धनुर्वाताचें भारतांतून निर्मूलन झाल्याची नोंद २०१५ सालीं झाली, ती या लशीमुळें व स्वच्छ बाळंतपणांमुळें. परंतु बाळाची स्वतःची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत टोचतात. धनुर्वात आणि 'ब' प्रकारची कावीळ या दोहोंविरुद्धची लस तींत येते. ते तीन डोस पुरे होऊं द्यावे आणि मग कानांचा विचार करावा.

"पण शास्त्र काय म्हणतें?" आजीबाईंनीं विचारलें. शास्त्राची गोष्ट त्यांनींच काढली हें बरें झालें. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळावा अध्याय कान टोचण्याचाच आहे. बाळाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यांत टोचावे, असें सुश्रुत सांगतो. म्हणजे आपल्या चौदाव्या आठवड्याच्या पलीकडेच! बाळाला मांडीवर घेऊन खेळण्यांनीं रमवावें, पाळी उन्हांत धरून आरपार पाहावी आणि शिरा चुकवून टोचावें, मुलाचा उजवा कान अगोदर व मुलीचा डावा, इतका बारकावा तेथें आहे. भलत्या शिरेला सुई लागली तर होणाऱ्या विकारांत तो मान ताठरणें व आंचके येणें हेही सांगतो. तें वाचतांना मला धनुर्वाताची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. फाटलेल्या पाळ्या जोडण्याचे पंधरा प्रकारही त्याच अध्यायांत दिले आहेत. तेव्हां कान बिघडण्याचे प्रसंग त्याही काळीं कमी नसावेत. बाराव्या दिवसाचें कारण मला वाटतें सोयीचें असावें: पाहुणे जमलेले आणि सोनार दारीं आलेला.

आतां हत्याराविषयीं. सोनाराच्या पद्धतींत एक मोठा गुण आहे. ज्या सोन्याच्या तारेनें तो टोचतो तीच वळवून कानांत ठेवतो. त्यामुळें एका मुलाच्या रक्ताची सुई दुसऱ्या मुलाला लागत नाहीं. दोष आहे तो चिमट्यांत, बोटांत आणि शेजारच्या चिंधींत. स्पिरिटचा बोळा फिरविल्यानें धनुर्वाताचे बीजाणू मरत नाहींत, आणि नुसत्या उकळण्याचाही भरंवसा नाहीं. त्याला दाबाखालची वाफ, म्हणजे दवाखान्यांतील ऑटोक्लेव्ह, लागतो. यंत्राचें नेमकें उलट आहे. कानांत जाणारा खडा नवा आणि बंद पाकिटांतला असतो, पण हातांत धरावयाचें यंत्र बहुधा प्लास्टिकचें. तें वाफेंत घालतां येत नाहीं, आणि बोथट खडा स्प्रिंगच्या जोरानें कातडी फाडून आंत शिरतो. कानाला लागणारा सर्व भाग एकदां वापरून फेकून द्यावा, अशींही यंत्रें निघालीं आहेत; तीं त्यांतल्या त्यांत बरीं.

२००० सालीं अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यांत एकाच दुकानांत यंत्रानें कानाची वरची कड टोचून घेतलेल्या सात जणांच्या जखमांत एकच जंतु सांपडला. आणखी अठरा जणांविषयीं संशय होता. शोध करतां तो जंतु दुकानांतल्या जंतुनाशकाच्या बाटलींतच निघाला!

वरची कड म्हटली म्हणजे मला माझी भाची आठवते. कॉलेजांत असतांना बुगडीसाठीं तिनें एका दुकानांत कानाची वरची कड टोचून घेतली. आठ दिवसांत कान लाल होऊन फुगला आणि पू काढावा लागला. पाळी मांसल असते, तिची जखम लवकर भरते. वरच्या कडेंत कूर्चा असते, तिला रक्तपुरवठा अपुरा, आणि ती एकदां गळली कीं कानाचा आकार पुन्हां येत नाहीं. भाची आजही त्या बाजूचे केंस मोकळे सोडते. म्हणून मुलांची भिकबाळी असो कीं मुलींची बुगडी असो, लहानपणीं पाळीखेरीज कोठेंही टोचूं देऊं नये.

धातूचें थोडक्यांत सांगतें. खाज सुटून कान वाहतो तो पुष्कळदां निकेलमुळें. खोट्या दागिन्यांत तें असतें, आणि कित्येकदां पांढऱ्या सोन्यांतही. पिवळें शुद्ध सोनें उत्तम. परंतु दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाहीं, आणि बाळाची बाळी तेवढीच असते. तेथें सोनाराच्या शब्दावरच विसंबावें लागतें. ओळखीचा सोनार हवा तो येथें!

टोचावें कोणाकडून? बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर यांच्याकडून. सेवाग्रामला १९४५ सालीं सुरू झालेलें कस्तुरबा रुग्णालय आहे, त्याला जोडून १९६९ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें. सावंगीलाही तसेंच मोठें रुग्णालय आहे. आष्टी-कारंज्याकडच्या मंडळींना हीं दूर पडतात. त्यांनीं जवळच्या डॉक्टरांना विचारावें. कोणाकडेही जा, सुई नवी आहे का, टोचण्यापूर्वीं दोन्ही पाळ्यांवर खूण करून आईला दाखवितात का, हें पाहा. आणि एक प्रश्न अवश्य विचारा: पांचव्या दिवशीं कान लाल झाला तर पाहणार कोण? दुकानदाराजवळ याचें उत्तर नसतें.

नंतर सुमारें सहा आठवडे दागिना काढूं नये. उकळून निववलेल्या मिठाच्या पाण्यानें दिवसांतून दोनदां कान पुसावे. डब्यांतली हळद आणि खोबरेल जखमेवर नको. फिरकी आवळूं नये. पाळी सुजून फिरकी मांसांत रुतली, पू आला, अथवा ताप भरला, तर घरीं ओढाताण न करतां बाळाला डॉक्टरांकडे न्यावें. आमच्याकडे वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. घामाचे ते दिवस टाळतां आले तर पाहावें.

त्या नातीचा सहावा महिना ऐन थंडींत आला. आजीबाईंनीं सोनारबुवांनाही बरोबर आणलें होतें. त्यांची तार आणि चिमटा मीं ऑटोक्लेव्हमध्यें घातला. मुलीचा म्हणून डावा कान अगोदर मीं नव्या सुईनें टोचला, आणि हातमोजे चढवून सोनारबुवांनीं तार अशी सफाईनें वळविली कीं मला तें जन्मांत जमलें नसतें. बाळ रडलें, आणि तिच्या आईच्या हातांतल्या खुळखुळ्याकडे पाहून गप्प झालें. आजीबाईंनीं नारळ आणि दक्षिणा सोनारबुवांच्या हातावर ठेवली, मग माझ्याकडे वळून विचारलें, "डॉक्टरीणबाई, यांत तुमचा मान कोणता हो?"